घोट्यापासून हृदयापर्यंत: पायांच्या शिरा कशा चालतात आणि बिघडल्या तर काय करावं

ओट्याशी दोन तास एका जागी उभं राहिलं की पाय जड होतात, चपलेच्या पट्ट्याचा वळ उठतो. तेच दोन तास चालण्यात गेले तर पाय दमतात, पण असे भरून येत नाहीत. शरीराचं वजन तेच, वेळही तेवढाच. फरक असतो तो घोट्याजवळच्या शिरेतल्या दाबात. पायांच्या शिरांची जवळजवळ सगळी दुखणी आणि त्यावरचे मोजे, पट्ट्या, लेझर या एका दाबाभोवती फिरतात. तो नीट कळला की कुठला उपाय कामाचा आणि कुठला फुकटचा हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

आधी नावांचा घोळ

मराठीत ‘शीर’ या शब्दाला फार राबवून घेतलं जातं. ‘मानेची शीर दबली’ म्हणतो तेव्हा तो मज्जातंतू असतो. टाचेमागची घोडशीर म्हणजे पोटरीच्या स्नायूला टाचेशी जोडणारा दोर; त्यातून रक्त वाहत नाही. रक्त वाहणाऱ्या शिरांतही दोन जाती आहेत. हृदयाकडून रक्त बाहेर नेणाऱ्या त्या रोहिणी किंवा धमन्या, आणि परत आणणाऱ्या त्या नीला. या लेखात शीर म्हटलं की परत आणणारी, म्हणजे नीला, समजायची. नाव नीला असलं आणि कातडीतून ती निळसर दिसत असली तरी आतलं रक्त गडद लालच असतं. निळेपणा ही कातडीतून परत येणाऱ्या प्रकाशाची करामत आहे. तपासणीसाठी रक्त काढताना नळीत पाहिलं की खात्री पटते.

दाबाचा हिशोब

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं आणि स्वस्थ बसलेलं असताना हृदय मिनिटाला जवळपास तेवढंच रक्त ढकलतं. हृदयातून निघणारी महारोहिणी सुमारे अडीच सेंटिमीटर रुंद. तिथला दाब आपल्या ओळखीचा आहे: १२० बाय ८०, म्हणजे पाऱ्याचे मिलिमीटर (यापुढे नुसतं मिमी). पुढे फांद्या फुटत फुटत ती बारीक रोहिण्यांपर्यंत येते. या बारीक रोहिण्यांच्या भिंतीत स्नायू असतो आणि त्या नळाच्या तोटीसारख्या आवळतात, सैल होतात. दाब सर्वांत जास्त उतरतो तो इथेच. केशवाहिनीच्या तोंडाशी तो ३५ मिमीच्या आसपास येतो, शेवटी १५ मिमी उरतो.

केशवाहिनी ५ ते १० मायक्रॉन रुंद असते आणि तांबडी रक्तपेशी ७ ते ८ मायक्रॉनची. म्हणजे पुष्कळ ठिकाणी पेशीला अंग चोरून, वाकून जावं लागतं. भिंत एकाच पेशीच्या जाडीची असल्यामुळे तिथून पाणी, प्राणवायू, साखर बाहेर झिरपते आणि कचरा आत येतो. झिरपलेल्या पाण्यातलं काही परत येतं, उरलेलं लसवाहिन्या उचलून नेतात. हा तोल दाबावर टिकलेला आहे, हे लक्षात ठेवा. पायाची सूज इथेच जन्मते.

त्यानंतर येतात शिरा. भिंत पातळ, स्नायू कमी, ताणल्या की फुगणाऱ्या. अंगातलं जवळजवळ दोन तृतीयांश रक्त कुठल्याही क्षणी शिरांमध्येच असतं, म्हणून त्यांना नुसते पाइप समजू नये. त्या टाकीचंही काम करतात. हृदयाशी पोचेपर्यंत दाब ० ते ५ मिमीवर आलेला असतो.

हे झालं आडव्या माणसाचं. उभं राहिलं की हृदयापासून घोट्यापर्यंत सव्वा मीटरच्या आसपास रक्ताचा उभा स्तंभ तयार होतो. १०० सेंटिमीटर रक्ताच्या स्तंभाचा दाब सुमारे ७८ मिमी भरतो. त्यामुळे स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत ९० मिमीच्या आसपास दाब असतो. आडवं असताना तो फार तर १०-१५ असतो.

इथे एक गैरसमज फार आढळतो: ‘उभं राहिलं की हृदयाला रक्त वर खेचता येत नाही.’ तसं नाही. तोच स्तंभ रोहिणीतही असतो, तिथलाही दाब तेवढाच वाढतो, त्यामुळे रक्त फिरतं राहतं. अडचण वेगळी आहे. रोहिणीची भिंत जाड, तिला हा भार सोसतो. शीर पातळ, ती फुगते, तिच्यात रक्त साठतं, आणि मागे केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी बाहेर झिरपायला लागतं. पाय आणि पोटाकडे मिळून अर्धा लिटरहून जास्त रक्त उतरतं. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाच्या वेळी ताठ उभी राहिलेली मुलं धाडकन पडतात ती यामुळे. अशा मुलाला उचलून उभं करायचं नसतं, खुर्चीतही बसवायचं नसतं. आडवं निजवायचं, पाय फूटभर वर धरायचे. उतरलेलं रक्त परत येतं आणि बहुतेक वेळा मिनिटाभरात डोळे उघडतात. रांगेत उभं असतानाच बुटात बोटं हलवत राहिलं आणि पोटऱ्या आवळत राहिलं तर ही वेळ सहसा येत नाही.

झडप डोळ्यांनी पाहण्याचा प्रयोग

शिरांमध्ये ठरावीक अंतरावर दोन पाकळ्यांच्या झडपा असतात. रक्त हृदयाकडे जाताना त्या भिंतीला चिकटतात, उलटं यायला लागलं की फुगून एकमेकींना टेकतात आणि वाट बंद करतात. पादुआचे शरीररचनेचे प्राध्यापक फाब्रिसियस यांनी १६०३ मध्ये या झडपांचं वर्णन छापलं, पण त्यांना वाटलं की त्या रक्ताचा वेग आवरायला असाव्यात. त्यांचाच विद्यार्थी विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये साध्या बोटांनी दाखवून दिलं की त्या एकेरी वाहतुकीसाठी आहेत. तो प्रयोग घरी करता येतो. ज्याच्या हाताच्या शिरा ठसठशीत दिसतात असा माणूस गाठा.

१. कोपरापासून चार बोटं वर, दंडाला मऊ ओढणी बांधा. मनगटाची नाडी लागत राहील इतपतच घट्ट. रोहिणीतून रक्त आत येत राहतं, शिरेतून बाहेर जाणं अडतं.

२. हात खाली सोडायला सांगा. अर्ध्या मिनिटात शिरा वर येतील. त्यांच्यावर मधूनमधून बारीक गाठीसारखा फुगवटा दिसेल. तिथे झडप आहे.

३. दोन गाठींच्या मधला सरळ तुकडा निवडा. खालच्या, म्हणजे मनगटाकडच्या, टोकावर एक बोट दाबून ठेवा.

४. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने शीर कोपराच्या दिशेने निपटत वरच्या गाठीच्या पलीकडे न्या आणि अंगठा उचला.

५. बोटापासून गाठीपर्यंतचा तुकडा सपाट राहील. वर रक्त भरलेलं असूनही ते खाली येत नाही. वरून खाली ढकलून पाहा. गाठ आणखी फुगेल, पण पुढे थेंब सरकणार नाही.

६. आता खालचं बोट उचला. तुकडा खालून क्षणात भरतो.

ओढणी दोन मिनिटांच्या आत सोडा. गाठी दिसतच नसतील तर बहुधा ओढणी सैल आहे किंवा हात गार आहे. कोमट पाण्यात हात धरून पुन्हा करा. रक्त काढताना ‘शीर सापडत नाही’ म्हणतात तेव्हाही हीच युक्ती चालते: आधी पाणी पिऊन जायचं, हात उबदार ठेवायचा, थोडा वेळ खाली सोडून बसायचं. मूठ नुसती मिटायची. ती उघडझाप करत राहिलं तर रक्तातलं पोटॅशियम तपासणीत खोटंच वाढलेलं येऊ शकतं.

पोटरी नावाचा पंप

पायात शिरांचे दोन थर आहेत. कातडीखालच्या वरवरच्या शिरा आणि स्नायूंच्या मधून जाणाऱ्या खोल शिरा. वरवरच्यांत दोन मुख्य. पहिली पायाच्या आतल्या घोट्यासमोरून निघून, गुडघ्याच्या आतल्या बाजूने जांघेपर्यंत जाते; ही शरीरातली सर्वांत लांब शीर. दुसरी बाहेरच्या घोट्यामागून पोटरीवर चढते आणि बहुधा गुडघ्यामागे खोल शिरेत उतरते. दोन थरांना जोडणाऱ्या आडव्या शिरा जागोजागी असतात आणि त्यांच्या झडपा रक्ताला बाहेरून आत एवढंच सोडतात. पायातलं ९० टक्क्यांच्या आसपास रक्त खोल शिरांतूनच वर जातं.

आता पाऊल टाका. टाच टेकते, तळव्याखालच्या शिरांवर भार येतो, तिथलं रक्त वर जातं. टाच उचलताना पोटरी आवळते. पोटरीभोवती न ताणणारं एक चिवट आवरण असतं, त्यामुळे स्नायू बाहेर फुगू शकत नाही. तो आतल्या शिरा पिळून काढतो. झडपा असल्यामुळे रक्ताला वर जाण्यावाचून गत्यंतर नसतं. स्नायू सैल पडला की खोल शिरा रिकाम्या असतात, आणि वरवरच्या शिरांतलं रक्त आत ओढलं जातं. अशी दहाएक पावलं टाकली की घोट्यातला दाब ९० वरून २०-३० मिमीवर येतो. थांबलात की केशवाहिन्यांतून रक्त हळूहळू भरत जातं आणि दाब पुन्हा चढायला निरोगी पायात २० सेकंदांहून जास्त वेळ लागतो.

या पंपाला वंगण म्हणजे घोट्याची हालचाल. घोटा आखडलेल्या माणसाला, मग तो प्लॅस्टरमुळे असो की संधिवातामुळे, चालूनही पुरेसा फायदा मिळत नाही. उंच टाचांच्या चपलांतही पोटरी पूर्ण लांबीने चालत नाही. श्वासाचीही थोडी मदत असते: श्वास घेताना छातीतला दाब उतरतो, पोटातला वाढतो, रक्त वर सरकतं.

बिघाड कसा पसरतो

एक झडप नीट मिटेनाशी झाली की वरचा स्तंभ तिच्या खालच्या शिरेवर येतो. ती शीर फुगते. फुगल्यामुळे तिथल्या झडपेच्या पाकळ्या एकमेकींपासून लांब जातात आणि तीही गळायला लागते. असं खाली खाली उतरत जातं. शीर नागमोडी होते, कारण फुगताना ती लांबही होते आणि जागा तेवढीच असते. चालल्यावर दाब उतरतो तो अर्धवट, आणि थांबताच वरून रक्त मागे आल्यामुळे काही सेकंदांत पुन्हा चढतो. पाय दिवसभर दाबाखालीच राहतो.

कारणांत पहिलं आनुवंशिकता. आईवडिलांना असेल तर आपले पाय लवकर तपासावेत. मग गर्भारपण, वाढलेलं वजन, पूर्वी खोल शिरेत होऊन गेलेली गुठळी, आणि उभ्याची कामं: वाहतूक पोलीस, शिक्षक, न्हावी, एसटीचे वाहक, खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या बायका. गर्भारपणात वाढलेला गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरेवर बसतो. ती कण्याच्या उजव्या बाजूला असते, म्हणून डाव्या कुशीवर झोपायला सांगतात. त्या काळात फुगलेल्या शिरा पुष्कळदा बाळंतपणानंतर काही महिन्यांत उतरतात, त्यामुळे घाईने शस्त्रक्रिया करत नाहीत.

१ मिलिमीटरहून बारीक, कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल-निळ्या रेषा दिसायला वाईट पण सहसा निरुपद्रवी. उभं असताना ३ मिलिमीटर किंवा जास्त जाडीची फुगलेली शीर म्हणजे व्हेरिकोज. पुढचा टप्पा संध्याकाळची सूज. मग आतल्या घोट्याच्या वर कातडी तपकिरी पडते. बाहेर झिरपलेल्या रक्तपेशींतलं लोह तिथे साचतं. खाज येते, कातडी टणक होते, आणि एखाद्या दिवशी डास चावल्याच्या खाजवण्याने पडलेली जखम महिनोनमहिने भरत नाही. लोक मलमं बदलत बसतात. जखम भरत नाही ती आतल्या दाबामुळे. तो बाहेरच्या दाबाने, म्हणजे जाणकाराने बांधलेल्या थरांच्या पट्टीने, तोलला की तीच जखम भरायला लागते.

पाय तपासण्याची घरगुती पद्धत

संध्याकाळी, चांगल्या उजेडात, दोन मिनिटं उभं राहून दोन्ही पाय पुढून-मागून पाहा. मागची बाजू कुणाकडून तरी बघून घ्या. आडवं पडून तपासलेला पाय खोटा दिलासा देतो, शिरा तेव्हा रिकाम्या असतात.

गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडाचा जो उंचवटा लागतो त्याच्या १० सेंटिमीटर खाली शिंप्याच्या टेपने दोन्ही पोटऱ्या मोजा. एका सेंटिमीटरचा फरक सामान्य. ३ सेंटिमीटरहून जास्त असेल तर खाली गुठळीबद्दल लिहिलंय ते आधी वाचा.

नडगीवर अंगठा १० सेकंद दाबून धरा. खळगा राहिला तर पाणी साचलंय. दोन्ही पायांना सारखी सूज असेल तर शिरांआधी हृदय, मूत्रपिंड, यकृत तपासून घ्यायचं. आणि औषधांची यादी पाहायची. रक्तदाबासाठी दिली जाणारी अॅम्लोडिपिन ही गोळी बारीक रोहिण्या सैल करते पण पलीकडच्या शिरा तितक्या सैल करत नाही; केशवाहिनीत दाब वाढतो आणि घोटे सुजतात. लघवी वाढवणाऱ्या गोळीने ही सूज फारशी हटत नाही. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, पर्याय असतात.

पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून पाहा. जाड होऊन चिमटीत येतच नसेल तर दोष लसवाहिन्यांचा असू शकतो. विदर्भात चंद्रपूर, गडचिरोली, भंडाऱ्याकडे हत्तीरोगाचे रुग्ण आहेत, तिथे ही चिमटी विसरू नये.

शेवटी नाडी. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याकडे जाणाऱ्या दोराच्या बाहेरच्या अंगाला, आणि आतल्या घोट्याच्या मागे. दोन बोटं हलकेच ठेवा. जोरात दाबलं तर नाडी बुजते. लागत नसेल, पाऊल गार असेल, ठरावीक अंतर चाललं की पोटरी दुखून थांबावं लागत असेल, तर हा रोहिणीचा आजार आहे आणि त्याचे नियम उलटे आहेत. शिरांचं दुखणं पाय वर केल्यावर कमी होतं, रोहिणीचं वाढतं. बिडी-सिगारेट ओढणारा आणि मधुमेही यांनी ही पायरी गाळू नये.

मोजे: सर्वांत जास्त चुका इथे

दाबाचे मोजे घोट्यापाशी सर्वांत घट्ट आणि वर जाताना सैल होत जाणारे असतात. दुकानात ‘क्लास टू’ एवढंच सांगून घेऊ नका. जर्मन पद्धतीत क्लास टू म्हणजे २३ ते ३२ मिमी, ब्रिटिश पद्धतीत १८ ते २४. खोक्यावरचा आकडा वाचा. पाय जड होणं, हलकी सूज यांना साधारण १८-२१. ठळक व्हेरिकोज आणि कातडी बदललेली असेल तर २३-३२, तेही डॉक्टरांनी रोहिणी ठीक असल्याचं पाहिल्यावर. त्यासाठी घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब असं गुणोत्तर काढतात. ०.९ च्या खाली रोहिणी अरुंद असल्याची शंका, ०.५ च्या खाली मोजे बंद. मधुमेह्यांत रोहिणी कडक झालेली असेल तर आकडा फसवा चढा येतो.

माप सकाळी, सूज चढायच्या आत घ्यायचं: घोट्याच्या हाडाच्या लगेच वर सर्वांत बारीक जागेचा घेर, पोटरीच्या सर्वांत जाड जागेचा घेर, आणि टाचेपासून गुडघ्याच्या वळीपर्यंतची उंची. बहुतेकांना गुडघ्यापर्यंतचा मोजा पुरतो. मांडीपर्यंतचा घेऊन आठवड्यात कपाटात टाकण्यापेक्षा हा रोज घालणं परवडतं.

घालायची रीत अशी. अंथरुणातून उठायच्या आधी घाला. उठून कामं झाली असतील तर आधी १५-२० मिनिटं पाय वर करून पडा. पाऊल कोरडं करा, थोडी पावडर लावा, अंगठी काढा. मोज्यात हात घालून आतून टाच चिमटीत धरा आणि टाचेपर्यंतचा भाग उलटा करा. पाऊल आत सरकवून टाच टाचेच्या खिशात बरोबर बसवा. मग पाच-पाच सेंटिमीटर वर चढवत, तळहाताने सुरकुत्या काढत जा. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड चांगली बसते. वरची कड धरून ओढू नका. कड गुडघ्याच्या वळीखाली दोन बोटं राहिली पाहिजे आणि ती कधीही दुमडायची नाही. दुमडली की तिथला दाब दुप्पट होतो आणि जे आपण दंडाला ओढणी बांधून केलं तेच पायाला होतं. सुजलेल्या पायावर नुसता नी-कॅप चढवणं हीसुद्धा तीच चूक.

रात्री काढायचे. दोन जोड असू द्यावेत. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत एक जोड रात्रीत वाळत नाही आणि ओला मोजा कातडी खराब करतो. साध्या साबणाने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. सहाएक महिन्यांनी ताण उतरतो. मोजा फार सहज चढायला लागला की समजायचं, त्यात दम उरला नाही.

रोजच्या दिवसात

उभ्याचं काम असेल तर दर १५-२० मिनिटांनी दहा वेळा टाचा उचला: पूर्ण वर, क्षणभर थांबा, सावकाश खाली. ओट्याशी एक पाय छोट्या पाटावर, मग दुसरा, अशी अदलाबदल करा. बसून काम असेल तर टाच टेकवून चवडा वर-खाली.

पाय वर करणं म्हणजे समोरच्या स्टुलावर ठेवणं नव्हे. स्टुलावर पाय हृदयाच्या खालीच राहतात. आडवं पडून पावलं छातीपेक्षा उंच, १५ ते ३० मिनिटं, दिवसातून तीन वेळा. रात्रीसाठी पलंगाच्या पायथ्याच्या दोन खुरांखाली प्रत्येकी दोन विटा, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटर. रात्री आडवं पडल्यावर दम लागणाऱ्या हृदयरोग्याने आणि रोहिणीचा आजार असलेल्याने हे करू नये.

संध्याकाळी गरम पाण्यात पाय सोडून बसणं सुखाचं वाटतं, पण उष्णतेने कातडीखालच्या शिरा आणखी सैलावतात. पाय भरून येत असतील तर गार पाणी ओता.

फुगलेली शीर फुटून रक्त आलं तर

आंघोळीत पाय घासताना किंवा खाजवताना पातळ कातडीखालची शीर फुटते. दुखत नाही, पण फरशीभर रक्त होतं. घरात पहिली धाव दोरी किंवा रुमाल घेऊन वर आवळायला जाते, आणि त्याने रक्त वाढतं. रोहिणीतून रक्त येतच राहतं, शिरेतून वर जायची वाट बंद होते, मग ते जखमेतून निघतं.

माणसाला आहे तिथेच आडवं करा. पाय हृदयापेक्षा वर उचला. घडी केलेलं स्वच्छ कापड नेमकं जखमेवर ठेवून १० ते १५ मिनिटं सलग दाबा. मध्ये उचलून बघायचं नाही. बहुतेक वेळा एवढ्यावर थांबतं. मग घडी तशीच ठेवून वर पट्टी बांधा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, कारण ती जागा पुन्हा फुटते. पुन्हा सुरू झालं, थांबलंच नाही, किंवा माणूस रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर १०८ ला फोन करा.

एकाच पायाला अचानक सूज

याला वेगळं मानायचं. खोल शिरेत गुठळी झाली की एक पोटरी दोन-तीन दिवसांत सुजते, गरम लागते, दाबल्यावर दुखते. डावा पाय जास्त वेळा सापडतो, कारण ओटीपोटात डाव्या पायाच्या शिरेवरून उजव्या पायाची रोहिणी आडवी जाते. गुठळीला तीन गोष्टी लागतात आणि त्या रुडॉल्फ विर्शो यांच्या नावाने सांगितल्या जातात: थबकलेलं रक्त, दुखावलेली भिंत, आणि लवकर गोठणारं रक्त. म्हणून शस्त्रक्रिया, प्लॅस्टर, बाळंतपणानंतरचे सहा आठवडे, कर्करोग, गर्भनिरोधक गोळ्या आणि चार तासांहून लांबचा बसून केलेला प्रवास या काळात सावध राहायचं.

अशा पायाला तेल लावून मालिश करायची नाही. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर अचानक दम लागतो, श्वास घेताना छातीत कळ येते, खोकल्यातून रक्त पडतं. तिथे वेळ मिनिटांत मोजतात. सूज त्याच दिवशी दाखवा. डॉपलर सोनोग्राफीत डॉक्टर शीर दाबून पाहतात: निरोगी शीर दबून सपाट होते, गुठळी असलेली दबत नाही.

नातवंडांकडे अमेरिकेला निघालेल्या आजी-आजोबांना मुंबईहून पंधरा-सोळा तास बसायचं असतं. त्यांनी पॅसेजच्या बाजूची जागा घ्यावी, जागेपणी तासाला एकदा उठावं, पाणी पीत राहावं, झोपेची गोळी टाळावी. आधी गुठळी होऊन गेलेल्यांनी, नुकती शस्त्रक्रिया झालेल्यांनी मोजे आणि औषध दोन्हींबद्दल निघण्याआधी विचारावं. मनाने अॅस्पिरिन घेऊन चढणं हा त्यावरचा उपाय नाही.

लेझर, रेडिओलहरी आणि ‘मग रक्त कुठून जाणार?’

डॉपलरमध्ये पोटरी दाबून सोडली की रक्त किती वेळ उलटं येतं ते मोजतात. वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदाहून जास्त म्हणजे झडप गळते. ही तपासणी उभ्याने व्हायला हवी. नुसतं झोपवून केलेल्या डॉपलरवर शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नका. अहवालात खोल शिरा मोकळ्या आहेत का, गळती कुठून कुठपर्यंत आहे आणि शीर किती मिलिमीटर जाडीची आहे, एवढं तरी असावं.

गळकी लांब शीर बंद करण्यासाठी आता बहुधा लेझर किंवा रेडिओलहरींची बारीक तार आत घालून ती आतून भाजतात. भोवती भूल मिसळलेलं पाणी सोडतात. त्याने वेदना थांबते, शीर तारेवर आवळते आणि बाजूची कातडी भाजत नाही. लहान शिरांना फेस करून औषध टोचतात. त्याच दिवशी चालायला लावतात आणि ते पाळायचं असतं. पडून राहिलं तर गुठळीचा धोका वाढतो. काही वर्षांनी दुसरी एखादी शीर फुगू शकते, हे आधीच माहीत असलेलं बरं.

शीर बंद केली तर रक्त कुठून जाणार, हा प्रश्न घराघरात विचारला जातो. ते खोल शिरांतून जातं, जसं बहुतेक आधीही जातच होतं. गळकी शीर तर रक्त खालीच आणत होती. पायातली हीच लांब शीर निरोगी असेल तर हृदयाच्या बायपासला कामी येते. शल्यविशारद ती काढून हृदयाच्या रोहिणीला जोडतात, आणि जोडताना सहसा उलटी करतात: घोट्याकडचं टोक वर, जांघेकडचं खाली. सरळ जोडली तर तिच्यातल्या झडपा हृदयाकडे निघालेलं रक्तच अडवतील.